दार घेऊन फिरणारा माणूस

१२ नोव्हेंबर, बुधवार

पार्सल आलं! पोस्टमन सही घेता घेता म्हणाला, "काय मागवलंत आजोबा, औषधं?" म्हटलं, "हो, हसायची." तो हसला नाही. त्यांना घाई असते.

लेकीने शब्द पाळला. आत टोपीवाले — सगळेच्या सगळे, चार डीव्हीडींवर. खोक्यावर तोच तो दार उचलून चाललेला माणूस. इतका लहान छापलाय की चष्मा पुसून पाहावा लागला. पण तोच.

टोपीवाले हे आमच्या घरातलं नाव. विलायतेतल्या टीव्हीवरचा जुना कार्यक्रम. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर नोकरी सोडून परदेशी गेले, तेव्हा सहा व्हिडिओ कॅसेटी माझ्या गळ्यात टाकून गेले. म्हणाले, "भूगोलवाले, यात देश नाही, नकाशा नाही, काही नाही. तुम्हाला आवडेल." आवडलं! पाच-सहा गंभीर इंग्रज, डोक्यावर टोप्या, आणि जगात कुणी करणार नाही अशा गोष्टी अगदी सभ्यपणे करायच्या. एक बाई जिना पाळते — साखळीला बांधून फिरायला नेते, संध्याकाळी बशीत दूध घालते. तीन न्यायाधीश न्हाणीच्या टबात बसून वल्ही मारतात. आणि हा दारवाला. पाठीवर दार. मैदानात, रस्त्यात, कुठेही उभं करायचं, टकटक करायची, टोपी काढायची आणि आत जायचं. आत म्हणजे — पलीकडे! तेच मैदान, तोच रस्ता.

उद्या लावीन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लावता आलं नाही. लेक फोनवर, "बाबा, हिरवं बटण दाबा." या रिमोटला हिरवं बटणच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लागलं! हिरवं बटण मागे होतं, यंत्राच्या पाठीला.

मुद्दाम चार वाजेपर्यंत थांबलो. शनिवारी चार म्हणजे टोपीवाले, हा पंचवीस वर्षांचा नेम. शाळा अर्धा दिवस, मी घरी, चहा झाला की मी खुर्चीत आणि ही टीव्हीशेजारच्या बुटक्या स्टुलावर. टीव्हीसमोर नव्हे, शेजारी! पाठ पडद्याकडे, तोंड माझ्याकडे. मान वळवून मधूनच एखादी नजर टाकायची, की पुन्हा इकडे. मी म्हणायचो, "अगं, तिकडे बघ, मी काय दाखवायला बसलोय?" तर, "तुम्ही सांगा ना. मला तुमच्याकडूनच कळतं."

तिला इंग्रजी येत नव्हतं. मी सांगायचो. तोंडभर, हातवारे करून, एकाच वेळी तिन्ही न्यायाधीश व्हायचो. मध्येच कविता घालायचो. शाळेच्या पुस्तकातल्या कवितांचं मला पहिल्यापासून वेड. माझा तास नसला की मी भाषेच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहून पोरांचं सामुदायिक गाणं ऐकत असे. शिपाई विचारायचा, "मास्तर, कुणाला पकडायचंय?" त्याच शाळकरी चालीवर दारवाल्याचं गाणं मीच केलं होतं —

दार आहे पाठीवरती, घर काही सापडेना,
टकटक करतो रोज रोज, आत कुणी ऐकेना!

हे म्हटलं की ती पदर तोंडात धरून हसायची. डोळ्यांतून पाणी. आणि शेवटी दर शनिवारी न चुकता, "मिळालं का हो त्याला घर?" मी म्हणायचो, "पुढच्या शनिवारी."

आज तीन तास बघितलं. स्टूल तिथेच आहे. वर वर्तमानपत्रांची रद्दी.

एकदाही हसू आलं नाही. नवलच!

१६ नोव्हेंबर, रविवार

एक भानगड झाली. चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पडद्याच्या तळाशी ते जे बोलतात ते छापून येऊ लागलं. इंग्रजी वाचायला मला अडचण नाही. अडचण होती ती त्यांच्या बोलण्याची — तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलतात. शंभरातले दहा शब्द पकडायचो, नव्वद पदरचे घालायचो. पण मला वाटायचं, गाभा तरी बरोबर असेल.

कसला गाभा न् कसलं काय! दारवाला घर शोधतच नाही. तो दातांच्या डॉक्टरकडे जायला उशीर झाल्याची सबब सांगतोय. दर वेळी नवी. बस्स.

जिना पाळणारी बाई — मी सांगायचो की जिन्याला वरचा मजला आठवतो म्हणून तो रात्री रडतो. खरं म्हणजे ती जिना विकायला काढते आणि त्याला किती पायऱ्या यावरून गिऱ्हाईकाशी भांडते. रडण्याचा पत्ताच नाही.

पंचवीस वर्षं मी बायकोला थापा मारल्या. तेही शनिवारच्या शनिवारी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता लिहूनच टाकतो. या वहीशिवाय सांगणार कुणाला?

ती हसायची थांबली होती. चौदा वर्षांपूर्वी. मी निवृत्त झालो आणि दोन-तीन महिन्यांत. सांगत राहायचो — ती नुसती बघायची माझ्याकडे, कपाळाला आठी. मी गाणं म्हणायचो, ती हसायची, पण भलत्याच जागी. दारवाल्याचं विचारणं बंद झालं. घरातही तसंच. मी काही बोललो की "हो हो". मी विचारायचो, "पाणी तापलंय का?" तर "हो हो, आणते," आणि आणायची चहा. एके शनिवारी माझा तोल गेला. म्हटलं, "मी काय भिंतीशी बोलतोय? तुला ऐकायचंच नसेल तर मी कशाला घसा कोरडा करू?" ती उठून आत गेली. मी कॅसेटी खोक्यात भरल्या, माळ्यावर टाकल्या. तिने एकदाही विचारलं नाही, कुठे ठेवल्या म्हणून.

त्यानंतर बारा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. भांडण नाही, तंटा नाही. गप्पाही नाहीत. शेवटची दोन-तीन वर्षं तर तिला कमीच ऐकू यायचं, वयच झालेलं. कानाचं मशीन घेऊ म्हटलं तर मान हलवून नाही. मग मीही सोडून दिलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

तेव्हा का थांबली, हे मला कधी कळलं नाही. कालपर्यंत वाटायचं, कंटाळली असेल. म्हाताऱ्या मास्तराचा त्याच त्या धड्याचा कंटाळा पोरांनाही येतो. पण आज मनात आलं — तिला कुणी खरं सांगितलं असेल का? की नवरा धादांत खोटं सांगतो, त्यात ना घर आहे ना रडणारा जिना? आपल्याला अडाणी समजून खेळवतो, असं वाटलं असेल तिला?

तसं असेल तर तिला काय वाटलं असेल!

२० नोव्हेंबर, गुरुवार

चावणाऱ्या चपलेसारखा तोच एक विचार. घरात शिवणाच्या डब्यात काही चिठ्ठीचपाटी असेल म्हणून शोधलं. तिची गिरणीतली, मागावरची सूत कापायची छोटी कात्री सापडली फक्त.

२२ नोव्हेंबर, शनिवार

केस कापून आलो. न्हाव्याने कात्री वर आणली आणि विचारलं, "मिशीला हात लावू का? खालचा ओठसुद्धा गिळायला निघालीय." म्हटलं, "खबरदार! निवृत्तीची कमाई आहे." नोकरीत सफाचट होतो. आमचे हेडमास्तर म्हणायचे, मास्तराचं तोंड पोरांना स्वच्छ दिसलं पाहिजे. निवृत्त झालो त्याच दिवसापासून मिशीला वस्तरा लावला नाही.

न्हावी म्हणाला, "आजी काही बोलायच्या नाहीत?" बोलायची नाही कशी! सारखी मागे लागायची — काढा ती, निदान कमी तरी करा. त्या मागावरच्या कात्रीची आठवण झाली. आरशापाशी माझ्या दाढीच्या सामानात ठेवून द्यायची ती, मुकाट्याने. मी उचलून पुन्हा शिवणाच्या डब्यात. म्हणायचो, "या वयात कुणाला चेहरा दाखवायचाय मला!" हा आमचा शीतयुद्धाचा खेळ कितीतरी दिवस चालला. मग तिनेच सोडला.

चार वाजता टोपीवाले लावले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मेहुणीला फोन केला. हिची धाकटी बहीण. दोघी मुली असताना एकाच गिरणीत माग चालवायच्या. बहिणीपासून लपवलेलं काही नसणार. विचारलं, "ताईने माझ्याबद्दल कधी काही मनात धरलं होतं का?" तिकडून, "काय? भात?" पुन्हा ओरडून विचारलं. "भाऊजी, फोनवर मला ओ की ठो कळत नाही. समोर या. गुरुवारी या. आणि तोंड धुऊन या, मागच्या वेळी मिशीत शेव होती!"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जाऊन आलो. सावकाश लिहितो.

बस दुपारी पोचली. मेहुणीने खुर्ची ओढून बरोबर माझ्यासमोर मांडली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि म्हणाली, "हं, बोला आता. ओठ नीट हलवून बोला."

मी सगळं सांगितलं. टोपीवाले, खाली उमटणारी अक्षरं, माझ्या थापा. विचारलं, "कुणी सांगितलं का गं तिला, की मी खोटं सांगतो?"

तिने माझ्या ओठांवरून नजर वर उचलली. मग म्हणाली, "भाऊजी, थट्टा करताय की खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"काय माहीत नाही?"

"मागांच्या खोलीने आमचे कान खाल्ले. शंभर माग एकदम चालायचे. माझा एक गेला, ताईचे दोन्ही. तुमचं लग्न ठरलं तेव्हाच अर्ध्याहून जास्त गेले होते. आम्ही सगळ्याजणी ओठ वाचायचो. त्या खडखडाटात दुसरं करणार काय?"

हे मला ठाऊक होतं! म्हणजे — दोघी बहिणी खोलीच्या दोन टोकांना बसून, आवाज न करता ओठांनी गप्पा मारायच्या, हे मी कितीदा पाहिलं होतं. गंमत म्हणून पाहुण्यांना सांगायचो. त्यापुढे कधी विचारच केला नाही. आणि फोन वाजला की ती म्हणायची, "तुम्हीच घ्या, माझे हात ओले आहेत." चाळीस वर्षं हात ओले!

"तुमच्याआधी तिघांना नकार दिला होता तिने," मेहुणी म्हणाली. "एक तोंडातल्या तोंडात बोलायचा. एकाला ही एवढी दाढी. तिसरा बोलताना खाली बघायचा. तुम्ही आलात नि शब्द शब्द तोंड उघडून, फळ्यावर लिहिल्यासारखं बोललात. घरी आल्यावर म्हणाली, हा मला सगळा वाचता येतो."



"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होती. पण तुम्ही शाळेतून यायचात आणि हसत हसत सांगायचात — आज एका ठोंब्याला विचारलं, बहिरा आहेस का रे! ती मला म्हणाली, राहू दे. चाललंय ना."

निघताना दारापर्यंत आली. हात धरून म्हणाली, "शनिवारी सकाळपासून तिचं घड्याळाकडे लक्ष असायचं, भाऊजी. म्हणायची, आज दोन तास हे माझ्याकडे बघून बोलतात. तुम्ही थापा मारल्यात की वेद सांगितलेत, तिला काय त्याचं! तिने ते इंग्रज धड पाहिलेसुद्धा नाहीत."

बसमध्ये खिडकीशी बसलो. एक उलगडलं, बरं वाटलं. म्हणजे रागावली नव्हती. पण मग थांबली का? निवृत्तीनंतरही मी तसाच बोलत होतो, तितकंच मोठ्याने, तिच्याकडे बघून. तिचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. सुईत दोरा ओवायची.

मग का?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काही लिहवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आरशासमोर उभं राहून दारवाल्याचं गाणं म्हटलं. आवाज न काढता, नुसतं ओठांनी. ओठ दिसेनात. मिशी हलत होती फक्त.

तिच्या कात्रीने आधी कापली, मग वस्तरा लावला. चौदा वर्षांनी.

चार वाजता स्टुलावरची रद्दी उचलली, ते पुसलं. टीव्हीचा आवाज बंद केला. स्टुलाकडे तोंड करून, एकेक शब्द नीट उघडून, सगळं सांगितलं. शेवटी दारवाल्याला घर मिळालं.