जेवणानंतर एक गोळी

१४ सप्टें., रवि.
उपकेंद्रात सिस्टरनं बीपी मोजलं. १७४ / १०६. पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेवढंच. "काका, गोळी रोज घेता ना?" हो म्हणालो. रोज रात्री जेवल्यावर घेतोच. फक्त सोमवार, चतुर्थी, एकादशी सोडून. चिठ्ठीवर 'जेवणानंतर एक' लिहिलंय. उपासाला जेवण नाही, मग गोळी नाही.
डोकं दुखत नाही, चक्कर नाही. सकाळी वांग्याचे कॅरेट टेम्पोत चढवले, दमही लागला नाही. मग हा आकडा कोणाचा?

१७ सप्टें., बुध.
ठिबकच्या टाकीवरचा दाबाचा काटा आज चढलेला. गाळणीत कचरा. पाइप वरून जसाच्या तसा दिसत होता. फुटतो तो जमिनीखाली, कच्च्या जागी. चिखल वर आला की कळतं.
सिस्टर म्हणाली होती, मेंदूची नस, हृदय, किडनी, डोळे, जोर सगळीकडे बसतो. तेव्हा नुसती मान हलवली. आज काट्यापुढं उभा राहून समजलं. बरं नाही वाटलं.

१९ सप्टें., शुक्र.
शांतानं देव्हाऱ्याशेजारचा डबा उघडला. "महिना उलटला, तुमचं पाकीट सरत काहून नाही?"
सांगितलं.
"देव का वरून गोळ्या मोजून राह्यला?" मग हळूच, "भासरे बी नवरात्रातच पडले ना?"
तिचे भासरे म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. गेल्या वर्षी लकवा. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. बीपीची गोळी त्यालाही होती. नऊ दिवसांचा उपासही, आईपासून चालत आलेला, आम्हा दोघांचा. त्या दिवसांत त्यानं गोळी घेतली होती का, हे आम्ही कोणीच विचारलं नाही.

२० सप्टें., शनि.
रिसोडला डॉक्टरीणबाईंकडे. "उपास असो नसो, गोळी रोज. ही नुसत्या पाण्याबरोबरही चालते. आणि नऊ दिवस निव्वळ पाण्यावर राहू नका. फराळाला शेंदं मीठ घालता, तेही मीठच आहे, काका."
विचारलं, गोळीनं उपास मोडतो का? हसल्या. "ते मी कसं सांगू?"
येताना देवीच्या देवळात गुरवाला तेच विचारलं. त्यानं कुंकवाच्या डब्यामागून स्वतःचंच पाकीट काढलं. "माही तं शुगरची बी आहे. देवी आजवर काही बोलली नाही बा."
दोघंही हसलो. पण गुरवाचं त्याच्यापाशी. आई नऊ दिवस पाण्याशिवाय काही घेत नसे.

२२ सप्टें., सोम.
घट बसवला. काळ्या मातीत गहू पेरला. आरतीनंतर गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. शांता पाणी घेऊन उभी. घेतली. मग दूध, केळं.
दुपारपर्यंत देव्हाऱ्याकडे बघवेना. संध्याकाळी दिवा लावताना बघितलं. देवी तशीच होती.

२३ सप्टें., मंगळ.
सकाळी दादाकडे. वहिनी त्याला चमच्यानं दूध पाजत होती. गोळ्या दिल्या का, विचारलं.
"उपास आहे ना त्यायचा. मानेनंच हो म्हणले. जेवणच नाही तं गोळी कशी देऊ, भाऊजी? तुमी बी तं तसंच करता."
डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, गुरवाचंही सांगितलं. तिनं पाकीट आणून दिलं. दादाच्या ओठांपाशी गोळी नेली, तर त्यानं डाव्या हातानं माझा हात सारला. ओठ घट्ट.
"दादा, म्या काल घेतली. देवीसमोर घेतली."
बघत राहिला माझ्याकडे. राग होता का आणखी काही, कळेना. बोलता येत असतं तर चार शिव्या दिल्या असत्या. बरं वाटलं असतं.
वहिनी म्हणे, "राहू द्या, दसरा झाला की देऊ."
नाही म्हणालो. गोळी वाटीत टाकली, वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली, पेलाभर पाणी ठेवलं, आणि खाटेजवळ बसून राहिलो. तो भिंतीकडे बघत होता. मीही. दुपारी शांता बोलवायला आली तेव्हा गोळी वाटीतच होती.
वांगी तोडायची राहिलीत. राहू देत. एवढं लिहून परत तिकडेच जातो.