लिंडक्विस्टांचं फाटक

प्रिय डेक्सटर,

शनिवारी लिंडक्विस्ट स्मारकाच्या नव्या दालनाचं उद्घाटन तुझ्या भाषणाने होणार, हे पत्रिकेवरून कळलं. तुझ्या नावापुढे 'राष्ट्राध्यक्ष लिंडक्विस्ट यांचे भाषणलेखक' एवढंच छापलंय. शिकागोत आपण दोघांनी चार वर्षं संस्कृत घोकलं, त्याचा उल्लेख नाही. बरंच झालं, इथे नेब्रास्कात माझ्याकडे आधीच संशयाने बघतात. तू सूत्रकार झालास, मी या स्मारकातल्या कागदांची राखणदार. भाष्यकाराचं दुर्दैव माझ्या वाट्याला आलं.

राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी घातलेलं तुझं सूत्र आता भिंतीवर ग्रॅनाइटमध्ये कोरलंय: 'चौतीसच्या दुष्काळात सरकारी मदतीचा ट्रक आमच्या दारी आला. माझ्या वडिलांनी फाटक लावून घेतलं.' या दोन वाक्यांवर तुम्ही निवडणूक जिंकलीत. मग लोक शेत बघायला येऊ लागले आणि 'फाटक कुठाय?' म्हणून विचारू लागले. फाटक नव्हतंच, त्या काळच्या फोटोत साधं कुंपणही नाही. तेव्हा स्मारक चालवणाऱ्या प्रतिष्ठानाने सुताराकडून एक करवून घेतलं, व्हिनेगर फासून जुनं केलं. आता शाळेची पोरं रांगेने येतात, एकेक जण ते धाडकन लावतो. गाइडबाई ओरडते, "जोरात, बाळांनो! पार वॉशिंग्टनला ऐकू गेलं पाहिजे!" बिजागऱ्या तीनदा बदलल्या.

गेल्या मंगळवारी मिस इन्गा आल्या. राष्ट्राध्यक्षांची थोरली बहीण, आता ऐंशीच्या घरात. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. त्यांच्या वडिलांनी चौतीस साली मदत-अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र. त्या अधिकाऱ्याच्या मुलीला माळा आवरताना सापडलं, तिने यांना पाठवून दिलं. त्यात लिहिलंय की पाचही मुलांना बूट मिळाले, ती शाळेत जायला लागली, आभारी आहे. आणि शेवटी: 'शाळेच्या रस्त्यावरचा बर्फ यंदा मी काढत जाईन.' मिस इन्गा म्हणाल्या, "अगं, ते बूट मी घातलेत. डावा चावायचा. आणि हा तुमचा संचालक प्रूइट म्हणतो, शनिवारी सगळ्यांसमोर फाटक तुम्ही लावा. माझ्या बापाने ज्यांचे आभार मानले, त्यांच्या तोंडावर मी फाटक आपटू?"

मी ते पत्र प्रतिष्ठानाचे संचालक प्रूइट यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "वर्ना, कागद खरा आहे, फक्त अवेळी आलाय. खोक्यात ठेव, सोमवारी बघू." मी निघताना त्यांनी हळूच पुढे जोडलं, "तुझ्या नेमणुकीचंही सोमवारीच बघू."

तुझ्या पक्षालाच मी जन्मभर मत दिलंय, हे तुला ठाऊक आहे. म्हणून विचारते, आपण जुनं जपणारी माणसं ना? या पत्रात जपण्यासारखं सगळं आहे: कृतज्ञता, शेजारधर्म, कोणी न मागता केलेली परतफेड. ते सोडून आपण व्हिनेगरचं फाटक जपतोय. याला सनातन म्हणायचं, तर अर्वाचीन कशाला म्हणायचं?

पण माझं तरी तोंड कुठे स्वच्छ आहे? प्रचाराच्या धामधुमीत तू फोन केलास, "दुष्काळातलं काहीतरी दे, पटकन." गावच्या जुन्या वर्तमानपत्रातली ओळ मीच तुला वाचून दाखवली: ट्रक आला, लिंडक्विस्टांच्या पोरांना बूट मिळाले. चार दिवसांनी टीव्हीवर तोच ट्रक परत फिरताना ऐकला. ट्रक तू ठेवला होतास, बूट काढून टाकले होतेस. मी बटाटे सोलत होते, हसले. वाक्य फार सुंदर होतं, आणि तुझं होतं. म्हणून वीस वर्षं गप्प बसले.

मिस इन्गा शनिवारी फाटक लावणार नाहीत; तिथेच उभ्या राहून पत्र वाचतील. मी त्यांना अडवणार नाही, मग सोमवारी माझं काय व्हायचं ते होवो. पत्राची प्रत सोबत जोडलीय, कारण त्यांच्याआधी बोलायची पाळी तुझी आहे. तू स्वतः खरं सांगितलंस, तर त्या तुझ्या शेजारी उभ्या राहून वाचतील. नाहीतर तुझ्या विरुद्ध. फोनची हकिगतही मी त्यांना सांगून टाकली. ऐकून त्या म्हणाल्या, "त्याला शुक्रवारी सहाला जेवायला बोलाव. तूही ये. तुम्हा दोघा शिकलेल्यांना एकच विचारायचंय. आमच्या बाबांची तुम्हाला कसली लाज वाटली?" डेक्सटर, मला त्या टेबलाशी एकटीला बसवू नकोस.

उशिरा का होईना, तुझीच,
वर्ना