गल्ल्यामागचे उंच स्टूल

तीर्थस्वरूप आत्या यांच्या चरणी भाचीचा आदरपूर्वक नमस्कार. (परीक्षेत पत्रलेखनाच्या मायन्याला एक गुण असे आणि तो माझा कधीही गेला नाही, म्हणून इथेही घालवत नाही. एरवी समोर असताना मी तुम्हांला ‘अगं आत्या’ म्हणते हे खरे. पण हातात लेखणी आली की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि तोंडून ‘तुम्ही’च निघते. राग मानू नये.)

तुमचा खांदा आता कसा आहे? काकांचा खोकला गेला, की नुसताच शेजारच्या खोलीत गेला? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. बाबांचे गुडघे तेवढे शिडीवर चढायला नकार देतात आणि आईने त्यांना तेल लावून लावून (गुडघ्यांना, शिडीला नव्हे) हात टेकले आहेत. तुमची कन्याही अत्यंत कुशल आहे. इतकी कुशल व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही. ती सकाळी उठते ती कुशल, जेवते ती कुशल, आणि दुकानाची पायरी चढते तेव्हा तर तिच्या कुशलतेला ऊत येतो. तिच्या त्या कुशलतेविषयीच हे पत्र आहे.

तुमचे माहेरचे दुकान तुम्हांला मी काय सांगावे? तरीही क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की मला काहीच सांगता येत नाही. बटणे, दोरे, चेनी, इलॅस्टिक, लेस; छतापर्यंत रचलेली खोकी आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना टाचलेला. बाबांचे व्यापारशास्त्र दोन वाक्यांत संपते. पहिले, मागेल त्याला एक सुटे बटणसुद्धा द्यायचे. (‘किरकोळ म्हणजे क्षुल्लक नव्हे, किरकोळ म्हणजे एक!’ असे ते ज्याला-त्याला ऐकवतात.) दुसरे, गिऱ्हाइकाने रीळ घेऊन पायरीवर जायचे, आपल्या कापडाच्या तुकड्याशेजारी उन्हात धरायचे आणि मग ‘हो’ म्हणायचे. दिव्याखाली ‘हो’ म्हटलेले बाबा ऐकूनच घेत नाहीत. एकदा आईने लग्नाआधी त्यांना दिव्याखालीच होकार दिला होता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा विचारायला गेले होते म्हणे.

मी मात्र हे शास्त्र रीतसर शिकले आहे. किरकोळ विक्री व्यवस्थापनाच्या पदविकेत मराठी माध्यमातून पहिली आले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. (नसल्यास आईने कळवले नाही याचे मला आश्चर्य वाटेल, कारण तिने ते गॅसवाल्यालाही कळवले आहे.) योग्य वस्तू, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य किमतीस: ही विक्रीची मूलतत्त्वे मी झोपेतही सांगेन. त्यांना अनुसरून मी दुकानात सुधारणाही केली. दुकानात शिरताच ग्राहकाची नजर प्रथम उजवीकडे वळते, असे आमच्या पाठ्यपुस्तकात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मी सर्वोत्तम लेस उजवीकडे मांडली. आपल्या दुकानात उजवीकडे खांब आहे. पुस्तकाच्या लेखकाने तो विचारात घेतलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर आपली सर्वोत्तम लेस फक्त त्या खांबाने पाहिली.

शिवाय बोलण्याची अडचण. ग्राहक समोर आला की माझ्या घशात अख्खे रीळ अडकते. जे बाहेर पडते तेही छापील. परवा एका बाईंना मी ‘आपणांस कोणत्या स्वरूपाची चेन अभिप्रेत आहे?’ असे विचारले, तर त्या ‘चुकून बँकेत आले वाटतं’ म्हणून परत फिरल्या.

अशा वेळी तुमची कन्या आली. (बाबा तिला भिंगरी म्हणतात. मला ते शास्त्रीबुवा म्हणतात. यावरून काय ते समजावे.) ‘चार दिवस मामाला मदत करते’ असे सांगून आली होती. आत्या, चार दिवसांचे आता चार ऋतू होत आले, आणि एवढ्या अवधीत तिने काय केले म्हणून सांगू? पहिल्याच आठवड्यात तिने फोन उभा केला, त्याच्यासमोर एक वाटोळा पांढरा दिवा लावला आणि त्या फोनशी गप्पा मारायला लागली. ‘या या, बसा, काय दाखवू?’ आणि लोक येतात! कुठून कुठून येतात, फोनमध्येच बसतात, फोनमध्येच पसंत करतात आणि घरबसल्या माल मागवतात. काळ पालटला आहे, हे मी जाणते. आमच्या शेवटच्या प्रकरणात तसे दिलेलेच आहे. पूर्वी लोक कापडाचा तुकडा आणत, आता फोटो आणतात. कोपऱ्यावर ते मोठे दुकान झाले आहे, तिथे बटणे पुडीतच मिळतात. एक हरवले तर नवी पुडी घ्या, आणि विचारायचे कोणाला, तर समोर माणूसच नसतो. हे सर्व मी बाबांना तक्ता काढून समजावले होते. ते ‘वा, वा’ म्हणाले आणि झोपले. भिंगरीने एका वाक्यात समजावले: ‘मामा, पायरी लांब झाली आहे, एवढंच!’ आणि ते ताडकन उठून बसले. तक्ता माझा होता, आत्या. रंगीत होता.

मत्सर हा वाईट दोष आहे, यावर मी निबंध लिहिलेला असून त्यास बक्षीसही मिळाले आहे. म्हणून मी मत्सर करीत नाही, केवळ निरीक्षण करते. निरीक्षण असे की कोट शिवणारे शिंपीकाका, ज्यांनी माझ्याशी आजवर ‘काळा दोरा’ या दोन शब्दांपलीकडे संभाषण केले नाही, त्यांनी तिला पहिल्याच दिवशी आपल्या सुनेच्या बाळंतपणाची साद्यंत हकीकत सांगितली. निरीक्षण असे की आई तिच्या चहात आले जास्त घालते. निरीक्षण असेही की ती हसली की गालाला खळी पडते, आणि तीसुद्धा डाव्या, म्हणजे समोरच्याच्या उजव्या हाताला. बरोबर, ग्राहकाची नजर प्रथम वळते तिकडेच! पाठ्यपुस्तक न वाचता तिला हे कसे कळले, देव जाणे.

मग बँडच्या कोटांचे प्रकरण झाले. एका वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी तिच्या त्या फोनवर सोनेरी किनार पसंत केली, पथकाच्या सगळ्या कोटांसाठी. किनार गेली, शिवली गेली, आणि उन्हात नेताच मोहरीसारखी पिवळी दिसू लागली. पांढऱ्या दिव्याची करामत! किनार उसवून सगळे गठ्ठे परत आले. मागोमाग ते प्रमुख स्वतः आले, आणि ढोल वाजवून वाजवून त्यांचा आवाजही ढोलासारखाच झालेला आहे. मला अतिशय दुःख झाले. (हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले, तिन्ही वेळा अक्षर हसरे आले.) भिंगरीचे तोंड एवढेसे झाले. बाबा रागावतील म्हणून मी मुद्दाम कात्रीला धार लावण्याचे निमित्त काढून जवळ थांबले. पण ते एवढेच म्हणाले, ‘पायरी विसरलीस, पोरी.’

यावर ती रडायला हवी होती की नाही? माझा सारा अभ्यास तसा होता. ती मात्र नाक पुसून सरळ फोनपुढे उभी राहिली, ‘माझं चुकलं, दिव्यानं फसवलं’ म्हणून मोकळी झाली, आणि लोक तिच्यावर आणखीच खूश! तेवढ्यात फोनमधल्या कोणीतरी विचारले, हातातल्या त्या हिरव्या दोऱ्याचा खरा रंग कोणता? ती अडखळली. मी पाठमोरी शिडीवर खोकी लावत होते.

‘ताई, सांग ना गं, हा हिरवा कसला?’

खांद्यावरून दोरा तेवढा पाहिला; पुरती मागे वळले असते तर वाचा गेली असती. पण खोक्यांकडे तोंड असल्यामुळे मी जणू खोक्यांनाच सांगितले, ‘शाळेच्या फळ्याचा. पण रोजच्या नव्हे, परीक्षेच्या दिवशी स्वच्छ पुसलेल्या फळ्याचा.’

‘आणि हा?’

‘चहावर साय धरायच्या आधीचा. साय धरल्यावरचा हवा असेल तर शेजारचे खोके.’

तेव्हापासून हा रोजचा पाठ झाला आहे. ती खाली उभी राहून दोरा दाखवते, मी वर पाठ करून रंग सांगते. फोनला जो रंग दाखवता येत नाही तो शब्दाला सांगता येतो, असे दिसते. माल परत येणे जवळजवळ थांबले. बँडवाल्यांनी तर पुन्हा किनार मागवताना ‘शिडीवर विचारून पाठवा’ असे बजावले. मी मनातल्या मनात किंचित फुलले होते, तोच भिंगरीने लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. ‘खालची ताई किती गोड!’ आणि ‘शिडीवरच्या आजींना दंडवत, या वयातही चढतात!’ आत्या, मी तिच्याहून अवघी दोन वर्षांनी मोठी आहे.

आता मूळ मुद्दा. गुडघ्यांमुळे बाबा दुकानाचा भार सोपवणार आहेत. गल्ल्यामागचे ते उंच स्टूल (ज्यावर बसून लहानपणी तुम्ही पाय हलवत बटणे ओवीत असा) येत्या रविवारी ते आमच्यापैकी एकीला देणार. त्या स्टुलासाठी मी पदविका घेतली. त्या स्टुलासाठी मी रंगीत तक्ते काढले. आणि ते खळीला जाणार, हे मला स्वच्छ दिसते आहे, उन्हात धरल्यासारखे. तेव्हा कृपा करून रविवारच्या आत कन्येस परत बोलवावे. खांदा दुखतो असे कळवल्यास खोटेही होणार नाही. शिवाय एक उत्तम स्थळ सुचवते. आमच्या घड्याळवाल्यांचा भाचा दूरच्या एका बेटावर दीपगृहात नोकरीस आहे. मुलगा सज्जन, मितभाषी आणि वक्तशीर. हवा उत्तम. फोनला रेंज अजिबात नाही, पण समुद्र मुबलक. तिच्या हिताचाच विचार करून हे लिहीत आहे.

घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि ज्यांना या मधल्या वयातच कोणी आजी म्हणते त्यांस मनःपूर्वक सहानुभूती.

आपली आज्ञाधारक भाची,
शास्त्रीबुवा

ता. क. पत्र पाकिटात घालायचे राहिले आणि मध्ये रविवार होऊन गेला, म्हणून पुढील हकीकत जोडते. बाबांनी आम्हां दोघींना समोर बसवले आणि विचारले, ‘स्टूल कोणाला हवं?’ मी तीन परिच्छेदांचे मनोगत पाठ केले होते. पहिला शब्द घशाशी आला तोवर भिंगरी म्हणाली, ‘मामा, मला नको हं! बसलं की माझे पाय झोपतात. तिथं ताईच हवी, तिचं लक्ष असतं.’ झाले. स्टूल मला मिळाले. आत्या, मला ते जिंकायचे होते. मला ते उरले म्हणून मिळाले. ज्या वस्तूसाठी वर्षभर एखादीचा हेवा करावा, तिला ती नकोच होती हे कळण्यासारखी फसवणूक कोणत्याही दिव्याखाली होत नसेल.

ता. क. दुसरा. स्टुलावर बसून आज पूर्ण दिवस काढला. तिथून शिडी दिसत नाही, मध्ये खांब येतो. खालून भिंगरीने विचारले, ‘ताई, हा निळा कसला?’ आणि मला माणसांकडे तोंड करून एक शब्द सुचेना. शेवटी ती स्वतःच शिडीवर चढली आणि म्हणाली, ‘निळा म्हणजे... एकदम निळा!’ लोक हसले. मालाची मागणी मात्र एकही आली नाही. संध्याकाळी तिने स्टूल उचलले आणि शिडीशेजारी, माझे तोंड खोक्यांकडे होईल असे ठेवले. गल्ला आता माझ्या पाठीशी असतो. पुस्तकानुसार हे सर्वथा चूक आहे.

ता. क. तिसरा, आणि खरे काम हेच. आत्या, तू खांद्याचे कारण कळवू नकोस आणि तिला बोलावूही नकोस. ते दीपगृहाचे स्थळसुद्धा नाकार. मी चौकशी केली, तो मुलगा मागे आपल्याकडे शर्टाची बटणे घ्यायला आला होता आणि पायरीवर न जाता दिव्याखालीच ‘हो’ म्हणून गेला. असा माणूस बायको कशी पसंत करील, तूच सांग. फक्त एक कर: हे मी कळवले असे तिला सांगू नकोस. ती फोनपुढे उभी राहून सगळ्या जगाला सांगेल की माझी ताई किती चांगली आहे. आणि ते ती इतके गोड सांगेल, की कौतुक पुन्हा तिचेच होईल.