प्लायमित्र आणि कॅम्प पाच

३ नोव्हेंबर, सोमवार
रिझाइन केलं! अंबरनाथच्या पंप कंपनीत बिलं बनवणं संपलं. शलाका मॅडम म्हणाल्या, सुयोग, अठ्ठावीसला लास्ट डे, तोपर्यंत विचार बदलला तर सांग. मी हसलो. सही दोनदा करावी लागली, पण ते पेनमुळे.
माझं सॉफ्टवेअर 'प्लायमित्र' ऑनलाइन स्टोअरवर लाइव्ह आहे. कपाटाची मापं टाका, प्लायवूड कसं कापायचं ते कॉम्प्युटर सांगतो. वेस्टेज कमी. स्टोअर आपला कट घेणार, बाकी सगळं माझं. राजीनाम्याचं घरी अजून बोललो नाही. सरप्राइज.

७ नोव्हेंबर
सेल: एक. स्टोअर गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. कोण असेल? त्याने वन-स्टार दिला तर? पहिलाच रिव्ह्यू वन-स्टार म्हणजे खेळ खल्लास. जेवण गेलं नाही. भाविकाताईने विचारलं, तोंड असं का, कोण मेलं? मग म्हणाली, अरे ते मीच घेतलंय, पाच स्टारपण दिलेत, आता गिळ.
बहीण म्हणजे मार्केट नाही. तरी भात घेतला.

११ नोव्हेंबर
नवा प्लॅन. उल्हासनगर कॅम्प पाच, फर्निचरवाल्यांची लाइन. तिथल्या एका दुकानाच्या लच्छूशेठना डेमो दिला. म्हणाले, साईं, जांगड पे दे. म्हणजे माल घेऊन जायचा, पटला तर पैसे, नाहीतर माल परत. मी म्हटलं, स्टोअरवर तसं सेटिंग नाही, पण घ्या, नाही पटलं तर रिफंड मिळतो. कुठलं बटण दाबायचं तेपण दाखवलं. शेठ एकदम खूश, पूरी लाइन को बोलता हूं म्हणाले.

१४ नोव्हेंबर
बारा सेल! एका दिवसात! स्टोअरला फ्रॉड वाटला तर? अकाउंट बंद केलं तर? मोबाइल वाजला की छातीत धडधडतं. कॉफी बंद करायची. बाबांना आज सांगणारच होतो. ते टीव्ही बघत होते. डिस्टर्ब नको.

१८ नोव्हेंबर
रिफंड तीन. नॉर्मल आहे. आजपासून डॅशबोर्ड दिवसातून एकदाच बघायचा.

१८ नोव्हेंबर, पाच मिनिटांनी
रिफंड पाच.

२१ नोव्हेंबर
बाराच्या बारा परत. धावत कॅम्प पाचला गेलो. शेठनी चहा मागवला. एक नंबर चीज बनाया बेटा, म्हणाले. मग परत का केलं? शेठनी भिंत दाखवली. माझ्या प्लायमित्रने काढलेल्या कटिंगच्या प्रिंट, लॅमिनेट करून. अपने यहां चार ही टाइप की अलमारी बनती है, नाप वही का वही, एक बार निकाल लिया, अब कंप्यूटर का क्या काम? वर पाठ थोपटली. पैसे म्हणायला तोंड उघडलं, बाहेर थँक्यू आलं.
प्रॉडक्ट जरा जास्तच चांगलं झालंय. हाच प्रॉब्लेम.

२७ नोव्हेंबर
व्हर्जन टू काढू. पण स्टोअरवर अपडेट फुकटच जातं. आणि द्यायचं कोणाला? ताईला?
मॅडमच्या केबिनवरून तीनदा गेलो. पाण्याची बाटली भरायला.  

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी केबिनमध्ये घुसलो. विचार बदलला म्हणालो. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. शर्ट पाठीला चिकटला. मग म्हणाल्या, ठीक आहे, राहा. पण केक आलाय रे, सगळ्यांनी काँट्रिब्यूशन दिलंय, आता परत कसा करू?
चारला माझा सेंड-ऑफ झाला. सगळे ओरडले, भाषण, भाषण! केलं. रिस्क, ड्रीम्स, घाबरायचं नाही वगैरे. बाजूच्या टेबलावरच्या विकासने डोळे पुसले. टाळ्या.
मग जागेवर गेलो. खुर्ची विकासने आधीच नेली होती. सहापर्यंत स्टुलावर बसून बिलं काढली.