वर न पोचलेलं वाक्य

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पोरं मजेत, गुडघा जैसे थे, सगळं वाचलं. शेवटची ओळ मात्र चार दिवस डोक्यातून जात नाही. 'बाबांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही, मग त्या घरी येऊन काय करू?'

तीन वर्षांपूर्वी तू संशोधन जहाजावर होतीस आणि मी बाबांना आमच्या उपग्रह केंद्रावर आणलं होतं. साहेबांच्या हातापाया पडून तुझ्याशी व्हिडिओवर बोलायला पंधरा मिनिटं मिळवली होती. तू भांडून घर सोडल्यापासूनचा सात वर्षांचा अबोला सुटणार म्हणून बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्या लग्नात त्यांनी बाहीची बटणंसुद्धा लावली नव्हती, हे मला तेव्हाच खुपलं.

'तू गेलीस त्या दिवशी मी...' एवढं बाबा म्हणाले आणि इथे जोराची सर आली. पावसाचे थेंब लहरी शोषून घेतात. आमच्याकडून वर जाणारा सिग्नल आधी दबतो, खाली येणारा तग धरतो. म्हणून तुला ऐकू येईना, पण आम्हाला तू दिसत होतीस, कानामागे हात धरून वाकलेली. बाबांचे कान गेलेले, नजर अधू. ते आपले बोलतच राहिले.

नंतर मी तुला म्हटलं, पावसापुढे कुणाचं काय चालतं. ताई, चालतं. अशा वेळी सिग्नलची ताकद दोन पायऱ्या वाढवायची असते. माझं रोजचं काम ते, आणि बटण हाताशी होतं. पाच वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी केलं आणि मायेचे शब्द तुझ्या वाट्याला, म्हणून माझ्या पोटात दुखलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. सर ओसरेपर्यंत आपली वेळ संपली होती. महिन्याभराने बाबा गेले. तोवर रोज विचारायचे, काही म्हणाली का ती. तू विचारलंस तेव्हा 'मलाही नीट कळलं नाही' म्हणून मी हात झटकले.

मला शब्द न् शब्द कळला होता. ते म्हणाले, 'तू गेलीस त्या दिवशी मी तुझा विसरलेला चष्मा घेऊन स्टँडवर आलो होतो. हाक मारायची लाज वाटली. गाडी सुटली. चूक माझी होती, पोरी.' तो चष्मा त्यांच्या कपाटातच होता, या पत्रासोबत पाठवतो आहे. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण घरी ये.

तुझाच,
धाकटा