साखरपाण्यावरच्या माश्या

६ जानेवारी
प्रोजेक्ट सुरू. फळमाश्यांच्या दोन बाटल्या. एकीत यीस्ट घातलेलं खाद्य, दुसरीत नुसतं साखरपाणी.
सकाळी ग्राउंडवर कोच म्हणाले, "अजून वजन उतरव. पोलीस भरतीत धावण्याचे मार्क पैकीच्या पैकी पाहिजेत." रात्री जेवत नाहीच. या महिन्यातही पाळी नाही. बरंच आहे, सरावात खंड नाही.

१३ जाने.
मायक्रोस्कोपखाली ओव्हरी बघितल्या. यीस्टवालीची टपोरी, द्राक्षाच्या घडासारखी. साखरपाण्यावालीची बारकी. अंडी आहेत, पण बलक भरायच्या आधीच थांबलेली. गाईड मॅडम म्हणाल्या, "खाणं पुरत नसलं की शरीर आधी स्वतः जगायचं बघतं."
पण माशी मरतुकडी नव्हती. चांगली उडत होती. हे डोक्यातून जात नाही.

१४ जाने.
संक्रांत. आईनं मेढ्याहून गुळपोळ्या पाठवल्या. रूममेटला दिल्या सगळ्या. आईचा फोन, "खाल्ल्यास का गं?" व्हय म्हणाले.

१९ जाने.
मॅडमना विचारलं, साखरपाण्यावालीला आता यीस्ट दिलं तर?
"देऊन बघ." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "माशीचंच विचारतेयस ना?"
त्यांनी लॅबचं दार लोटलं. मी सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. त्याचंच जास्त रडू...

२१ जाने.
मिरज. मॅडम सोबत आल्या. दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तपासायला रक्त दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पळतेस एवढं, त्या मानानं पोटात काहीच जात नाही. म्हणून बीज तयार व्हायचं थांबलंय. जेव. पळणं जरा कमी."
"परत सुरू होईल?"
"बहुतेक. कधी, ते आत्ता नाही सांगता यायचं."

२२ जाने.
यीस्ट दिलेल्या माश्यांची अंडी भरायला लागली. इतक्या लवकर. आनंद झाला. हेवाही वाटला, माशीचा.

५ फेब्रु.
कोच : "वजन वाढलंय तुझं. भरती तोंडावर आहे." म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, सर." टायमिंग घसरलंय. चिडचिड. तरी डबा संपवला.

१६ फेब्रु.
आई आली विश्रामबागला, हॉस्टेलवर. तिला सांगितलं शेवटी.
"आधी का सांगितलं न्हाईस गं?"
"तू माझं पळणं बंद करशील म्हणून."
"वर्दी पायजेच हाय का तुला?"
"पायजे."
"मग जेवून पळ की."
संध्याकाळच्या एसटीनं गेली. पाळी अजून नाही. उद्या सकाळी ग्राउंड, कोचना विचारून निम्माच सराव करायचा. हो म्हणतील का, बघू.