ओसाड जागा

ता. ३ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

वळणावरच्या स्मारकाचा दगड कोरायचं काम मला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळून मेलेल्या पाच परदेशी वैमानिकांची नावं, खाली ओळ : ‘गाव वाचविण्यासाठी त्यांनी विमान ओसाड जागेकडे वळविले.’ ते पाहिलेली तूच उरलीस, म्हणून पडदा तू सारावास असं समितीचे हेडमास्तर म्हणतात. गुडघ्यांची सबब चालणार नाही हं!

तुझी नात

ता. ९ फेब्रुवारी

छिन्नीबाई, आशीर्वाद.

गुडघे ठणठणीत आहेत, डोकं फिरलंय. ओसाड कुणाला म्हणतेस गं? तिथं वीटभट्टी होती. माझी आई ओल्या विटा उलटत होती, सहा वर्षांची मी राखेच्या ढिगावर. विमान तिच्यावर आलं. त्या पाचांना पेट्या मिळाल्या, सलामी मिळाली. आईला पोत्यात गुंडाळली, आणि मालकानं दुसऱ्या दिवशी नवी बाई लावली. हेडमास्तराला म्हणावं, पडदा बायकोकडून सारून घे.

लोभ होता, सध्या आटलाय.

आजी

ता. १७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पणजी भट्टीवर वारली एवढंच तू सांगायचीस, विमानाचं कधी बोलली नाहीस. हेडमास्तरांशी भांडले. म्हणाले, कागदोपत्री नोंद नाही, सहा वर्षांच्या पोरीला काय आठवणार! मी काम थांबवलं, तेव्हा नमले. सहावं नाव घालू म्हणतात, पण ओळ मंजूर झालीय, कोरूनही झालीय, ती राहील. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. पणजीचं नाव लगेच कळव. एवढं तरी पदरात पाडून घेऊ. राग सोड.

नात

ता. २० फेब्रुवारी

छिन्नीबाई,

नाव मला ठाऊक नाही. मी आई म्हणायची, मालक ‘ए’ म्हणायचा. कोणतं कोरतेस? वर तिचं नाव, खाली ओसाड, म्हणजे बाई होतीही आणि नव्हतीही! शिकल्यावर डोकं असंच चालतं का गं?

मला सहावं नाव नको. तो शब्द काढ. त्या पाचांसाठी मी रडणार नाही, पण त्यांनी आम्हाला ओसाड म्हटलं नव्हतं. ते तुझ्या हेडमास्तरानं म्हटलं, आणि तू कोरलंस.

रविवारी येतेय. पडदा मीच सारीन. त्या शब्दाची तीनच अक्षरं आहेत, तेवढी मला वाचता येतात. दिसली, तर भरल्या सभेत विचारीन, ही कुणाच्या नातीनं कोरली. मग लोभ कुठून आणायचा तो तू आण.

आजी